चार जण उचलून नेऊ की, त्यात काय एवढं

पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय २८, एका ऑफिसात काम करते. माझ्या शेजारच्या टेबलवर बसणारी मुलगी व्हीलचेअर वापरते, आमची चांगली मैत्री आहे. मागच्या आठवड्यात वार्षिक गेट-टुगेदरची मीटिंग झाली, तिथे जो हॉल ठरत होता तो पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सगळे हो हो म्हणत होते म्हणून मीच हात वर केला आणि म्हटलं, हिचं काय, ही कशी येणार? सगळे तिच्याकडे बघायला लागले. एक सिनियर म्हणाले, अहो त्यात काय एवढं, आम्ही चार जण उचलून नेऊ की! सगळे हसले, तीही हसली, म्हणाली मला त्या दिवशी तसंही जमणार नव्हतं. विषय संपला. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं माझ्या वतीने बोलायला? परत असं करू नकोस." तेव्हापासून कामापुरतंच बोलते. मला वाईट वाटतंय आणि खरं सांगू तर थोडा रागही आलाय. मी तिच्याच बाजूने बोलले ना? आता गप्प बसायचं का? मी स्वतः अपंग नाही, मग मला बोलायचा हक्क तरी आहे का?

उत्तर:

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझं पटलं, दुसऱ्यांदा वाचताना तिचं, आणि अजूनही दोघींचं पटतंय म्हणून उत्तर जरा लांबेल, सवडीने वाच.

आधी माझ्याबद्दल एक सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, काखेत कुबडी, आणि आता गेली काही वर्षं लांब जायचं असलं की व्हीलचेअर. म्हणजे तुझ्या मैत्रिणीच्या जागेवर मी बरेचदा बसलेय, अगदी त्याच हसण्यासकट.

ते "चार जण उचलून नेऊ" वाक्य वाचलं ना तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, बहुतेकदा चांगलंच असतं, म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही. मला एकदा एका कार्यक्रमात सत्कारासाठी बोलावलं होतं, आणि विषय काय तर अपंगांचे हक्क. गेले तर स्टेजला पाच पायऱ्या, कठडा नाही, उतार नाही. मी म्हटलं मी खालीच थांबते, माईक खाली द्या. पण नाही, नाही, असं कसं, म्हणत चार मुलं आली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट मला उचललं. पुढचे दोघं उंच आणि मागचे दोघं बुटके, त्यामुळे खुर्ची मागे कलली, माझे पाय वर, कॅलिपर लोखंडी पायरीवर खणकन आपटला आणि अख्खा हॉल वळून बघायला लागला. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले म्हणजे वर गेलेले कपडे पण नीट करता येईनात. मागचा एक जण हसत दुसऱ्याला म्हणाला, "जड आहे रे!" आणि त्याच क्षणाला फोटो काढला गेला. मग वर जाऊन मी हक्कांवर दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, उतरताना परत तेच होणार एवढंच डोक्यात होतं.

म्हणून कोणी उचलून नेण्याची गोष्ट काढली की आधी हे समजून घे की ती सोय नसते. पाठीला, मानेला इजा होऊ शकते, उचलणाऱ्याची पकड सुटू शकते, काहींची इलेक्ट्रिक व्हीलचेअर तर माणसाशिवायच शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते, ती वर नेणार कशी? आणि वर नेऊन बसवलं की तिथून बाथरूमला जायला, फोन आला म्हणून बाहेर जायला, कंटाळा आला म्हणून घरी जायला परत चार जणांना शोधायचं. म्हणजे आलीस आमच्या मर्जीने, जाशीलही आमच्या मर्जीने. कुठल्या मोठ्या माणसाला हे आवडेल सांग.

आता तुझ्यावर ती का चिडली. तू बोललीस म्हणून नाही असं मला वाटतं, तू जसं बोललीस त्याने काय झालं त्यावर ती चिडली. तू म्हणालीस "हिचं काय, ही कशी येणार." एका वाक्यात प्रश्न हॉलचा होता तो तिचा झाला. त्याआधी खोलीत एक चुकीचा हॉल होता, तुझ्या वाक्यानंतर एक अडचणीची व्यक्ती होती आणि वीस जोड्या डोळे तिच्यावर. तिला त्या क्षणी दोनच रस्ते उरले, एकतर सगळ्यांसमोर आपल्या शरीराची चर्चा होऊ द्यायची नाहीतर हसून विषय बंद करायचा. तिने दुसरा घेतला. मीही नेहमी तोच घेत आले.

आणि अजून एक गोष्ट तुला कदाचित दिसली नसेल. तुझ्यासाठी हा पहिला प्रसंग, तिच्यासाठी तो कितवा असेल देव जाणे. अपंग माणूस रोज हिशोब करत असतो की आज कुठल्या गोष्टीवर बोलायचं आणि कुठली सोडून द्यायची, कारण प्रत्येक गोष्टीवर बोललं तर "हिचं सारखं काहीतरी असतं" हे नाव पडतं, आणि ते नाव पगारवाढीच्या वेळी, प्रमोशनच्या वेळी आठवलं जातं. कदाचित ती पुढच्या महिन्यात बाथरूमच्या दरवाज्याचा विषय काढणार असेल आणि त्यासाठी जपून ठेवलेली सगळी ताकद तुझ्या एका वाक्याने गेट-टुगेदरवर खर्च झाली. मी अंदाज करतेय, मला माहीत नाही. पण तुलाही माहीत नव्हतं, आणि विचारलं असतंस तर माहीत झालं असतं.

तर आधी सॉरी म्हण. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज नको, समोर जाऊन, एकटी असताना, दोन वाक्यं. "त्या दिवशी तुला न विचारता मी सगळ्यांसमोर बोलले, चुकलं माझं. परत नाही करणार." झालं. पुढे "पण माझा हेतू" हे शब्द आले की थांब. तुझा हेतू तिला माहितीये. हेतू समजावत बसलीस तर तिलाच तुझी समजूत काढावी लागेल, अगं जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नकोस वगैरे, आणि दुखावलेल्या माणसाने दुखावणाऱ्याचं सांत्वन करायचं हे काम आम्ही अपंग लोक आयुष्यभर करतो. रडू तर अजिबात नकोस तिच्यासमोर. तुझा राग मला कळतो, तो मला लिहिलास, बरं केलंस, तो इथेच ठेव.

मग लगेच नाही पण दोन-चार दिवसांनी, तिचा मूड बघून, विचार. "हॉलचा विषय अजून माझ्या डोक्यात आहे. मी काही बोलू का, का तू बोलणार आहेस, का दोघींनी मिळून, का नकोच?" चारही पर्याय खरे असले पाहिजेत, म्हणजे ती "नकोच" म्हणाली तर तिच्या बाबतीत नकोच. आणि बोल म्हणाली तर पुढचा प्रश्न, काय सांगायचं आणि काय नाही? तिला काय झालंय, कधी झालं, ऑपरेशन किती झाली हे मीटिंगमध्ये कोणालाही कळायची गरज नसते. हॉलला लिफ्ट नाही एवढं कळलं की पुरे.

जगभरातल्या अपंगांच्या चळवळीची एक घोषणा आहे, आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे ना, ज्यावर १८० हून जास्त देशांनी शिक्कामोर्तब केलंय, त्यात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत आलीये, की अपंगांशी संबंधित निर्णय घेताना सरकारांनी अपंगांशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करायलाच हवी. आता सरकारला जे बंधन ते मैत्रिणीला नको का?

आता तुझा दुसरा प्रश्न, मी गप्प बसायचं का. नाही गं! अजिबात नाही. इथे लोक दुसरी चूक करतात. एकदा तोंड पोळलं की "मग मी काही बोलतच नाही बाबा" म्हणून बाजूला होतात आणि सगळं ओझं परत त्या एकटीवर. तिने तुला तिच्या वतीने बोलू नकोस म्हटलंय, हॉलबद्दल बोलू नकोस असं म्हटलेलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

हा फरक डोक्यात बसायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १९७६ साली ब्रिटनमधल्या काही अपंग कार्यकर्त्यांनी एक मांडणी केली, ती अशी की शरीरात काही कमी असणं वेगळं आणि अपंग केलं जाणं वेगळं, आणि आम्हाला अपंग करतो तो समाज, त्याच्या इमारती, त्याच्या पद्धती. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने, जे स्वतः व्हीलचेअर वापरायचे, याला सोशल मॉडेल असं नाव दिलं. तुझ्या मीटिंगला लावून बघ. तुझी मैत्रीण रोज ऑफिसला येते, काम करते, तुझ्याशी गप्पा मारते. मग गेट-टुगेदरच्याच दिवशी ती "येऊ न शकणारी" का झाली? तिच्या पायात त्या दिवशी काही बदललं का? हॉल बदलला. याला लोक म्हणतात शब्दांचा खेळ, मला नाही वाटत. मी वयाच्या तिशीपर्यंत प्रत्येक जिन्यापाशी स्वतःच्या पायाला दोष देत होते, जिना कोणीतरी कागदावर काढला, कोणीतरी मंजूर केला, कोणीतरी बांधला आणि तिघांपैकी एकालाही मी आठवले नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं आणि मान वर झाली.

तर पुढच्या वेळेला तुझं वाक्य असं पाहिजे: "हा हॉल आपल्याला चालणार नाही, लिफ्ट नाही याला. तळमजल्यावरचा बघूया." संपलं. कोणाचं नाव नाही, कोणाकडे बघणं नाही. कोणी विचारलं का बरं, कोणासाठी, तर "ऑफिसचा कार्यक्रम आहे, सगळ्यांना येता आलं पाहिजे." आणि हे बोलायची वेळ हॉल ठरल्यावर नसते, त्याच्या आधी असते. अ‍ॅडव्हान्स दिल्यावर सगळे अडून बसतात, मग बोलणारा वाईट दिसतो. जागा शोधायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला यादी करतानाच सांगितलं की लिफ्ट किंवा तळमजला, आणि वापरता येणारं बाथरूम, तर वादच होत नाही, त्या जागा यादीत येतच नाहीत.

आणि अजून एक, आमंत्रणातच सगळ्यांना एक ओळ विचारा, "येण्यासाठी, बसण्यासाठी, ऐकण्या-बघण्यासाठी, खाण्यापिण्यासाठी काही सोय लागत असेल तर कळवा." सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. तुम्हाला आश्चर्य वाटेल कोण कोण लिहितं. कोणाचा गुडघा गेलाय, कोणी गरोदर आहे आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही, कोणाला एका कानाने ऐकू येत नाही आणि इतकी वर्षं तो मीटिंगमध्ये मान डोलावतोय. सगळी अपंगत्वं दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात सुमारे १३० कोटी माणसं मोठ्या अपंगत्वासह जगतायत, म्हणजे दर सहा माणसांत एक. तुझ्या त्या मीटिंगमध्ये वीस जण होते तर हिशोब कर, आणि व्हीलचेअर एकच होती.

हां, आणि ते आमंत्रण नुसता रंगीत फोटो बनवून ग्रुपवर टाकू नका. ज्याला दिसत नाही त्याचा फोन स्क्रीन रीडरने वाचून दाखवतो, फोटोतली अक्षरं त्याला नीट मिळतीलच असं नाही. खाली तेच साधं टाइप करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. भाषणं असतील तर माईक वापरा, "माझा आवाज पोचतोय ना सगळ्यांना" असं विचारून माईक बाजूला ठेवणारे लोक असतात, ज्याला ऐकू आलं नाही तो तुमचा प्रश्नही ऐकत नाही. व्हिडिओ दाखवणार असाल तर कॅप्शन, म्हणजे बोललेलं खाली लिहून. आवाज आणि गर्दी ज्यांना सहन होत नाही त्यांच्यासाठी एक शांत खोली, नाहीतर निदान कार्यक्रमाचं वेळापत्रक आधी द्या म्हणजे कधी यायचं कधी निघायचं ते ठरवता येतं.

आता हक्काचं. मला अपंगत्व नाही तर मी बोलू का, असं विचारतेस. मला १९७७ ची सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट फार आवडते, ती सांगते. अमेरिकेत १९७३ साली एक कायदा झाला होता की सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी अपंगांना डावलता येणार नाही, पण तो लागू करायचे नियम काही निघेनात, चार वर्षं टोलवाटोलवी. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून जास्त अपंग माणसं तिथल्या सरकारी इमारतीत घुसली आणि बाहेर पडेनात, तीन आठवड्यांहून जास्त. विचार कर, व्हीलचेअरवरची माणसं, ज्यांना रात्री कूस बदलायला मदत लागते अशी माणसं, ऑफिसच्या जमिनीवर झोपलेली. ज्युडी ह्यूमन त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक, त्यांनाही लहानपणी पोलिओ झालेला. सरकारने इमारतीतले फोन बंद केले तेव्हा आतले कर्णबधिर आंदोलक खिडकीत उभे राहून हातांच्या खुणांनी, साइन लँग्वेजने, बाहेरच्यांना निरोप द्यायला लागले. आतल्या सगळ्यांत फोनवाचून ज्यांचं काही अडलं नाही ते हे. मला हा भाग प्रत्येक वेळेला आठवला की अंगावर काटा येतो.

पण तुझ्यासाठी यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. आतली माणसं इतके दिवस टिकली कशी? बाहेरच्यांनी टिकवली. ब्लॅक पँथर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाचे लोक गरम जेवण आणून देत होते, त्यातले बहुतेक काही अपंग नव्हते. इतर संघटनांनी गाद्या, औषधं, लागेल ते पुरवलं. त्यांनी येऊन भाषणाचा ताबा घेतला नाही, "आम्ही यांच्यासाठी लढतोय" असे फोटो काढले नाहीत, आतल्यांना काय लागतंय ते विचारलं आणि ते आणलं. महिना संपायच्या आत नियमांवर सही झाली. तर हक्क आहे का म्हणशील तर आहे, जेवण घेऊन जायचा आहे. तुझ्या ऑफिसात ते जेवण म्हणजे हॉलवाल्याला फोन करणं, जाऊन बघून येणं, कमिटीतल्या त्या एका अडेल माणसाशी डोकं लावणं. ही कटकटीची कामं अपंग माणसालाच करावी लागतात आणि त्यातच अर्धी ताकद जाते. ती कर.

तुला उत्तरं लागतील म्हणून लोक काय काय म्हणतात ते सांगते, मी सगळं ऐकलंय.

"एका माणसासाठी एवढं बदलायचं?" यावर सगळे लगेच सांगतात की रॅम्पचा उपयोग सगळ्यांना होतो, बाबागाडीवाल्या आयांना, सुटकेसवाल्यांना, सामान ढकलणाऱ्यांना. खरंय ते, फुटपाथच्या कडेला उतार व्हीलचेअरसाठी केले आणि वापरतात सगळे. पण मला विचारशील तर हा मुद्दा शेवटी काढ, पहिला नको. पहिला काढलास की त्याचा अर्थ असा होतो की एकट्या तिच्यासाठी हे करण्यासारखं नव्हतं, सुटकेसवाल्यांमुळे परवडलं. ती एकटी असली तरी पुरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या त्या कराराच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट म्हटलंय की वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव आहे. वाजवी म्हणजे समोरच्याला न झेपणारं काही नाही. तळमजल्यावरचा हॉल न झेपणारा असतो का?

"अगं पण हे काम नाहीये, नुसती पार्टी आहे, तिला कुठे कंपल्सरी आहे?" हे जास्त गोड बोलून म्हटलं जातं आणि जास्त लागतं. याला उत्तर आहे. त्याच करारात एक अख्खं कलम, तिसावं, सांस्कृतिक जीवन, करमणूक, विरंगुळा आणि खेळ यांत भाग घेण्याबद्दल आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना कळत होतं की माणसं माणसांशी जोडली जातात ती जेवताना, नाचताना, फालतू गप्पा मारताना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे आदल्या रात्रीच्या गोष्टींवर हसत असतात आणि एक जण कीबोर्डकडे बघत असतो, ते मी अनुभवलंय, आणि खरं सांगते, जिना परवडला पण ते नको वाटतं.

"ती तर किती पॉझिटिव्ह आहे, तिला चालतं." स्टेला यंग म्हणून ऑस्ट्रेलियातली व्हीलचेअर वापरणारी एक कॉमेडियन आणि पत्रकार होती, २०१४ मध्ये गेली. ती म्हणायची की जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. यापुढे मला काही बोलायचं नाही.

"दिव्यांग म्हणायचं, अपंग नाही!" असं तुला अडवणारा कोणीतरी भेटेलच, आणि गंमत म्हणजे हॉल बदलायला तोच नाही म्हणत असेल. तिला काय म्हटलेलं आवडतं ते तिला विचार आणि ते म्हण. मला स्वतःला कुठलाही शब्द चालतो, पायऱ्या मोजून सांग आधी.

हो, हॉलवाल्यांचं राहिलंच. फोनवर विचारलंस तर "हो हो मॅडम, सगळी सोय आहे" असंच सांगतात, त्यांच्या मनात खोटं नसतं, त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. मग गेलं की "दोनच पायऱ्या आहेत." दोन पायऱ्या म्हणजे साधारण एक फूट उंची. उताराचा जगभर वापरतात तो हिशोब एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच उतार. एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प लागतो. आणि ते तीन फुटी फळी टाकून म्हणतात झाला रॅम्प, त्याच्यावरून खुर्ची मागे उलटते. म्हणून "व्हीलचेअर येते का" असं विचारू नकोस, त्याला हो म्हणणं सोपं असतं. गेटपासून स्टेजपर्यंत एकूण पायऱ्या किती, बाथरूमच्या दारापाशी उंबरा आहे का, दारातून मोकळी जागा किती मिळते, असं विचार. ९० सेंटीमीटर मिळाली तर उत्तम, ८० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बऱ्याच खुर्च्या अडकतात. आत वळायला दीड मीटरचा गोल मोकळा लागतो. आणि ते दार उघडून बघ, कारण कित्येक ठिकाणी पाटी लावलेलं खास बाथरूम असतं आणि आत बादल्या, झाडू, तुटक्या खुर्च्या भरून कुलूप लावलेलं असतं, किल्ली कोणाकडे तर जो आज सुट्टीवर आहे त्याच्याकडे. मी एका ठिकाणी अशा कुलपासमोर वीस मिनिटं थांबलेय. शेवटी घरी गेले. आजही कुठे जायचं असलं की मी सकाळपासून पाणी कमी पिते, आणि मला माहीत असलेल्या व्हीलचेअरवरच्या बऱ्याच बायका तेच करतात. तुझी मैत्रीण "मला तसंही जमणार नव्हतं" म्हणाली त्यात हे पण असू शकेल. तिला विचारू मात्र नकोस, तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल.

या वेळचा हॉल अजून पक्का झालाय का ते तू लिहिलेलं नाहीस. नसेल झाला तर कमिटीत जो समजूतदार आहे त्याला एकटं गाठ आणि सांग की मी दोन तळमजल्यावरच्या जागा बघून येते, आवडली तर घ्या. तिचं नाव काढू नकोस, विषयच काढायला नकोय तिला तर मग तुझा आग्रह म्हणून मांड, तुझाच आहे तो. पैसे भरून झाले असतील आणि काहीच हलणार नसेल तर ती न येण्याचं कारण "तिला जमत नाहीये" असं कोणी म्हटलं तर तेवढं दुरुस्त कर, "जागा चुकीची निवडली आपण", आणि पुढच्या वर्षीच्या कमिटीत तुझं नाव दे. तू स्वतः जायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण "तू नाहीस म्हणून मी पण नाही गेले" हे तिला ऐकवू नकोस, ते ओझं होतं.

आणि ती बोलत नाहीये कामापुरतं सोडून, त्याला वेळ दे. आधीसारखी वाग. टेबल शेजारी आहे, चहाला जाताना विचारायचीस तशी विचार, नाही म्हणाली तर ठीक, दुसऱ्या दिवशी परत विचार. मैत्री आधीपासून आहे ना, मग होईल.

जागा बघायला जाशील तेव्हा मोजायची टेप घेऊन जा, डोळ्यांनी अंदाज करू नकोस, दारं नेहमी वाटतात त्यापेक्षा अरुंद निघतात. आधी बाथरूम बघ, मग स्टेज.

तुझी ताई